बिनतक्रारीचा जिना

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. वडील म्हणायचे, असू दे, नोकरीत उपयोगी पडेल. वडील फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेले, आणि आमच्या घरात कुरकुर करायची सोय नव्हती. भाजी अळणी झाली तरी गुमान जेवायचं आणि विचारलं तर 'फर्स्ट क्लास' म्हणायचं. मी नोकरीला लागले तेव्हा हीच शिस्त सोबत घेऊन गेले आणि ती मला फार चांगली वाटत होती. आता ते आठवलं की कान गरम होतात.

नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत. गावाचं नाव घालत नाही, कारण चूक गावाची नव्हती. माझं पद समूह संघटक. म्हणजे वस्तीतल्या लोकांना गोळा करायचं, योजना समजावून सांगायच्या, त्यांचे फॉर्म भरायचे आणि वरून कुणी पाहायला आलं की पुढं होऊन सगळं दाखवायचं. ओढ्याकाठी पत्र्याच्या घरांची एक जुनी वस्ती होती. दर पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी शिरायचं. त्या लोकांसाठी चार मजली इमारती बांधल्या, तळमजला आणि वर तीन मजले. घरं भाडेपट्ट्यानं द्यायची होती. कागदावर मालक नगरपालिका, राहणारे भाडेकरू. हा तपशील मुद्दाम सांगतेय, पुढं त्याचा संबंध आहे.

त्या वस्तीत एक मावशी होत्या. मूळच्या माण तालुक्यातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवरा इकडं हळदीच्या वखारीत हमालीला आला, तशा त्या आल्या. नवरा वारला. मुलगा मुंबईत कामाला, दिवाळीला यायचा. मावशी वाकळा शिवायच्या. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून, चारी बाजूंनी धावदोरा घालत आत यायचं. वाकळ शिवायला जमीन लागते, माणूस ताणून झोपला तरी उरेल एवढी. मावशींच्या झोपडीपुढं तेवढं सारवलेलं अंगण होतं. वाकळ अंथरली की आसपासच्या बायका आपापली सुई घेऊन एकेका कडेला बसायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं त्या चार कडांवर चालायचं. मी स्वतः तिथं बसून चहा प्यालेय. वस्तीतले निम्मे फॉर्म मी त्या वाकळेवर बसूनच भरले.

घरांचं वाटप चिठ्ठ्या टाकून झालं. मावशींना तिसरा मजला आला. नियमाप्रमाणे म्हाताऱ्या माणसांना खालची घरं आधी द्यायला हवी होती. आमच्या घाईत ते राहिलं. चिठ्ठ्या निघाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, पण तोवर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि परत चिठ्ठ्या टाकायच्या म्हणजे मारामारी झाली असती. एक वाट होती. दोघांची संमती असली तर अदलाबदल करता येत होती. तळमजल्यावरचं एक जोडपं डासांना वैतागून वरचं घर मागत होतं. त्यांचा अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात होता. एक टिपण लिहायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या, साहेबांकडं फाईल न्यायची, एवढंच काम.

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बघू म्हटलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही बघू म्हटलं. तिसऱ्यांदा आल्या तो दिवस वाईट होता. दुसऱ्या दिवशी पाहणी होती, रंगकाम अर्धवट होतं, साहेब सकाळपासून माझ्यावर खेकसत होते. इमारतीच्या दारात मावशींनी मला गाठलं.

"म्याडम, वर जीव घाबरा व्हतुया वं. खाली बघितलं की डोळं फिरत्यात. दिसभर कुनाचं त्वांड दिसत न्हाई. खालची एकादी खोली बघा की."

मी म्हणाले, "मावशी, सारखी कुरकुर केलीत तर घर परत जाईल. घर पालिकेचं आहे, तुमचं नाही. मागं रांग लागलीय माणसांची."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "न्हाई न्हाई. मी कुटं कुरकुर करतीया? ब्येस हाय की समदं."

आणि वर निघून गेल्या.

हा प्रसंग मी पुढं कितीतरी वर्षं लोकांना सांगताना 'मी आपली थट्टेनं म्हणाले' असं म्हणत आलेय.

त्या दिवसापासून मावशींनी काही मागितलं नाही. मी गेले की दार सताड उघडायच्या, स्टूल पुसून द्यायच्या आणि मी काही विचारायच्या आत घराचं कौतुक सुरू करायच्या. घरात नळ हाय, लाईट हाय, पावसाचं भ्या न्हाई. आणि घर तर असं लख्ख, की फरशीत तोंड दिसावं. ओढ्याकाठच्या चिखलातून आलेली म्हातारी आणि घर बघा कसं ठेवलंय, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. स्वच्छ घराची स्पर्धा घेतली तेव्हा पहिलं बक्षीस त्यांनाच दिलं. स्टीलची कळशी. कळशी घेऊन उभ्या असलेल्या मावशी आणि शेजारी हसणारी मी, असा फोटो आमच्या ऑफिसात बरेच दिवस लावलेला होता. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना तीन मजले चढवून मावशींचंच घर दाखवायला न्यायची.

त्या घरात मला काय काय दिसत होतं ते आता सांगते. भिंतीत एक खिळा नव्हता. कॅलेंडर जमिनीवर भिंतीला टेकून उभं होतं. देव पत्र्याच्या पेटीवर मांडलेले. गॅसची शेगडी ओट्यावर नाही, बाहेर गॅलरीत, उघड्यावर. मी विचारलं तर म्हणाल्या, आत वास हुतुया. कोपऱ्यात एक अर्धी शिवलेली वाकळ गुंडाळून ठेवलेली होती. मी म्हटलं, शिवत नाही का? तर म्हणाल्या, डोळ्यांस्नी दिसंना आता. खोलीत ती वाकळ पुरती अंथरता येणार नव्हती हे मला समोर दिसत होतं. चार बायका बसणार कुठं, हेही दिसत होतं. मावशी वाळत चालल्या होत्या, तेही दिसत होतं. मी म्हटलं, वय झालं.

बरोबर खालच्या, दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायची. वस्तीतही मावशींची शेजारीण. तिनं मला एकदा जिन्यात थांबवलं.

"म्याडम, वरची आजी दिसभर फरशी पुसती. धा-धा येळा. आमच्या छताला ओल आलीया बघा. कायतरी झालंय तिला. रातचं भातबी टाकत न्हाई, भित काळी हुईल म्हन्ती."

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "एक बाई घर स्वच्छ ठेवते तर तुमच्या पोटात दुखतं. तुम्हीही जरा पुसत जा."

ती घरात निघून गेली. तीही गप्प बसली, हे त्या वेळी मला खटकायला हवं होतं, कारण वस्तीत असताना ही बाई कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

मग एका वर्षाअखेरीला आम्हाला पाहणीचे फॉर्म आले. भाडेकरूंना विचारायचं, घराबद्दल समाधानी आहात का, काही तक्रार आहे का, झोप लागते का, शेजाऱ्यांशी बोलणं होतं का. मी स्वतः दारोदार फिरले. मावशींच्या जिन्यावर एकाही घरानं एकही तक्रार केली नाही. दुसऱ्या इमारतींत लोक गटाराबद्दल, पाण्याच्या मोटरीबद्दल, दिव्यांबद्दल अर्धा अर्धा तास बोलत होते आणि या जिन्यावर सगळे समाधानी. झोप लागते का? व्हय. शेजाऱ्यांशी बोलणं होतं का? व्हय. मी खुणा करत गेले. मनात म्हटलं, हे आपल्या कामाचं फळ.

साताऱ्यात आसपासच्या पालिकांची एक बैठक होती. तिथं मला बोलायला उभं केलं. मी त्या जिन्याचं उदाहरण दिलं. मागं बसलेला एक वयस्कर संघटक म्हणाला, "बाई, एकसुद्धा तक्रार नाही म्हणता. माणसं तुम्हाला भितात का काय?" सगळे हसले. मीही हसले. संध्याकाळी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, शाब्बास. मी त्या रात्री आईच्या हातचं पोटभर जेवले आणि शांत झोपले.

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास मी टेबलाशी होते. समोर दोन माणसं दाखल्यासाठी उभी होती. त्यांच्या मागून मावशी आल्या. डोक्यावर पदर, उजव्या हाताला फडकं बांधलेलं. चालत आल्या होत्या. त्यांनी टेबलावर किल्ली ठेवली.

"घ्या म्याडम. घर माघारी घ्या."

मला काही कळेना. मी म्हटलं, काय झालं?

"भित काळी झाली. पाऊस हुता म्हून शेगडी आत घेतली आन् भडका झाला. लय घासली. जात न्हाई. तुमी येन्याच्या आदी मीच आली. घर घ्या, पर पोराला कळवू नगा. आन् पोलिसात देऊ नगा."

फडकं सोडलं तर बोटांची सालं गेली होती. काथ्यानं, मग विटेच्या तुकड्यानं त्या दोन दिवस भिंत घासत होत्या. दोन दिवस जेवल्या नव्हत्या. दाखल्याला आलेली माणसं मागं सरकली. मावशी उभ्याच होत्या, मी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "कळशीबी आनली असती," त्या म्हणाल्या, "पर उचलंना."

मी शिपायाला पाठवून खालच्या मजल्यावरच्या त्या शेजारणीला बोलावलं. ती आली, मावशींना पोटाशी धरून बाकावर बसवलं आणि माझ्याकडं वळली.

"तुमीच सांगितलं न्हवं हिला, बोललं की घर जातंय म्हून? हिनं समद्या जिन्याला सांगितलंय. म्याडमम्होरं कायबी बोलू नगा, लेकरांबाळांचं छप्पर जाईल. मला आमच्या छताची ओल सांगितल्यावर तुमी हाग्या दम दिला, तवा मलाबी खरंच वाटलं."

ऑफिसात सगळे ऐकत होते. त्या जिन्यावरच्या बारा घरांतली माणसं माझ्यामुळं तोंड शिवून बसली होती आणि मी साताऱ्यात त्याचं भाषण केलं होतं.

त्याच दिवशी मावशींना सरकारी दवाखान्यात नेलं. मानसोपचाराचे डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी मावशींना बरंच विचारलं. घरी दिवसभर काय करता? पुसते. मग? परत पुसते. बाहेर कधी जाता? कशाला, वर आल्यावर खाली कशाला जायचं, कुनी विचारलं कुटं निघाली तर? मग डॉक्टर माझ्याकडं पाहून म्हणाले, "ही बाई कशाला तरी फार घाबरलेली आहे. कुणी घाबरवलंय का हिला? तुम्हाला काही माहीत आहे?"

मी म्हणाले, "नाही, काही कल्पना नाही."

मी हे खोटं बोलले. मावशी शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मला कोन घाबरिवतंय? म्याडम तर लय चांगल्या हायती."

माझ्या आयुष्यात मला लाज वाटावी असं बरंच काही आहे, पण त्या खोलीतली ती दोन वाक्यं, एक माझं आणि एक त्यांचं, मला अजून एकत्र आठवली की उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. खरं कारण माहीत नसताना लिहून दिल्या, कारण खरं कारण शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलं होतं.

चार दिवस मला धीर झाला नाही. पाचव्या दिवशी मी एकटी डॉक्टरांकडं गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील, मला थोडं बरं वाटेल. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मला सांगून तिला काय उपयोग? तिला सांगा. आणि जमत असेल तर खालचं घर द्या. गोळ्यांनी झोप लागेल, पण शेजार गोळीत येत नाही."

मावशी तेव्हा त्या शेजारणीकडंच राहत होत्या. मी गेले. त्या उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा. त्या बसेनात. शेवटी मीच जमिनीवर बसले, मग त्या टेकल्या, भिंतीला पाठ लावून, माझ्यापासून लांब.

मी म्हणाले, "मावशी, घर तुमचंच आहे. बोललं, तक्रार केली, भिंत काळी झाली, म्हणून कुणाचं घर काढून घेता येत नाही. तसा नियमच नाही. मी आपलं थट्टेनं बोलले होते."

शेजारीण चहा गाळत होती, ती थांबली. मावशींनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. जखमेवर खपली धरली होती.

"तुमी तवा हसत न्हवता, म्याडम," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी फॉर्ममध्ये एखादी चूक केली तर दाखवून द्यावी तसं त्यांनी ते सांगितलं. आणि ते खरं होतं. मी हसत नव्हते. मी चिडले होते आणि मला त्यांना गप्प करायचं होतं. मला माहीत होतं की त्या घाबरतील. घाबरावं म्हणूनच तर बोलले होते. थट्टा हा शब्द मी नंतर शोधला.

मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यांनी "असूं द्या वं, च्या घ्या" म्हटलं. चहा घेतला. काही सुटलं नाही.

अदलाबदलीचा कागद आठ दिवसांत झाला. खणात पडलेला तोच अर्ज, त्याच दोघांच्या सह्या. फाईल घेऊन मी साहेबांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी वाचलंसुद्धा नाही, सही केली. दोन वर्षं जे केलं नाही ते आठ दिवसांचं काम होतं. मावशींचं सामान खाली आणताना मी हात लावायला गेले तर शेजारीण म्हणाली, राहू द्या म्याडम, आमी हाय की.

तळमजल्यावर त्या हळूहळू सावरल्या. चटकन नाही. सुरुवातीला तिथंही फरशी पुसायच्या, पण मग दारातून जाणारं कुणीतरी हाक मारायचं आणि फडकं हातात तसंच धरून त्या बोलत बसायच्या. मुलगा येऊन चार दिवस राहून गेला. गोळ्या निम्म्या झाल्या. हे सगळं मला शेजारणीकडून कळत होतं. पुढं इमारतीपुढच्या जागेत वाकळ अंथरली गेली. मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. चार बायका चार कडांना, आणि मावशी तावातावानं काहीतरी सांगत होत्या, बहुतेक कुणाचे तरी वाभाडे काढत होत्या. मला इतका आनंद झाला की मी रस्ता ओलांडून गेले. मी दिसताच सगळ्या गप्प झाल्या. मावशी सुई खोचून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या म्याडम. कायबी तरास न्हाई बगा हितं." बोलताना त्यांनी फडक्याची गाठ शोधावी तसा उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला होता. त्यांच्या मागं चेंबर तुंबून काळं पाणी वाकळेच्या दिशेनं येत होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, आत्ताच सुरू झालं, जातंय आपोआप.

मी ऑफिसात येऊन चेंबर साफ करायला माणूस पाठवला आणि साहेबांना सांगितलं, त्या इमारती माझ्याकडं नकोत. त्यांनी कारण विचारलं तर मी कामाचा ताण असं म्हटलं. खरं सांगण्याची सवय तोवरही लागली नव्हती.

माझ्या जागी तिकडं जी बाई नेमली ती दोन मुलांची आई, मूळची शिराळ्याकडची, बोलायला सावकाश. मी तिला एवढंच सांगितलं, की तिथं लोक समाधानी म्हणाले तर लिहून घेऊ नकोस, अजून थोडी बस. ती बसली. कितीतरी दिवस नुसती जाऊन बसायची. आणि एक दिवस तिनं माझ्यापुढं कागद ठेवला. मावशींनी सांगितलेल्या आणि तिनं लिहून घेतलेल्या तक्रारींचा अर्ज, खाली मावशींचा अंगठा. नव्या घरातली त्यांची पहिली तक्रार. फाईलला लावण्याआधी माझी शिफारस लागणार होती, कारण त्या भागाचं काम अजून कागदोपत्री माझ्या नावावर होतं.

चेंबर आठवड्यातून दोनदा तुंबतं. जिन्यातला दिवा गेलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी वरून पाणी टाकतात. मोटर सकाळी लवकर लावा. मी वाचत चालले होते आणि मला खरंच हसू येत होतं, एवढी झणझणीत भाषा. शेवटची ओळ त्या बाईनं बोटाखाली धरली होती. मी म्हटलं, बोट काढ. तिनं काढलं.

'आधीच्या मॅडमला आमच्यात पाठवू नये. त्या दिसल्या की जीव धडधडतो.'

ती म्हणाली, "मी नको म्हणत होते लिहायला. पण आजी म्हणाल्या, समदं लिवायचं म्हटलीस न्हवं का? मग लिव."

मी पेन घेतलं, पाचही तक्रारींपुढं 'योग्य आहे, तातडीने कार्यवाही व्हावी' असं लिहिलं आणि खाली सही केली.